सुपरचार्जर लावलेली जिप्सी : इंजिनात जाणारी हवा नक्की किती गरम?

चिखलपाय | शनिवार, रात्री ११.४०

मंडळी, नमस्कार. तीन-चार वर्षं वाचनमात्र होतो. आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. कामापुरता आलास का, हे ऐकून घ्यायची तयारी आहे.

गाडी जिप्सी किंग, एमपीएफआय, १२९८ सीसी. कंपनीतून आली तेव्हा ८० बीएचपी. तिच्यावर जपानी भंगारातून आलेला आयसिनचा एएमआर ५०० सुपरचार्जर आहे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा रूट्स जातीचा ब्लोअर, एका फेऱ्यात ५०० सीसी ढकलणारा. पुली अशी आहे की क्रँकच्या एका फेऱ्याला ब्लोअरचे १.८ फेरे होतात. बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जादा दाब, ६ पीएसआय. मूळ ईसीयूचा (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा कॉम्प्युटर) मॅप सेन्सर, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, बूस्ट वाचत नाही म्हणून स्पीडुइनो हा दुसरा ईसीयू बसवलाय. रेडिएटरच्या पुढे एका डिझेल गाडीचा जुना इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी). गाडी रस्त्यावर फिरवत नाही. भोरकडे मित्राची जमीन आहे, ट्रेलरवर तिथे जाते, तिथेच चिखलात लोळते आणि ट्रेलरवरच परत येते.

आता दुखणं. जमिनीवर ६०० मीटरचा एक सरळ चढ आहे. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून चढवली की शेवटच्या टप्प्यात नॉकिंग येतं (सिलिंडरमध्ये मिश्रण आपोआप भडकतं). डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. पाय काढला की बंद. पण स्क्रीनवर इनटेक हवेचं तापमान ५८ अंशांच्या वर जातच नाही! बाहेर ३६ असताना बूस्टवर ५८ म्हणजे इंटरकूलर फक्कड काम करतोय, असं मी समजत होतो. मग हे वाजतंय कशामुळे?

खडखडाट | शनिवार, रात्री ११.५२

पहिला मी! (मेगाबायटी प्रतिसाद उद्या. आत्ता झोप.)

वाकडेवाडीचा_वाघ | रविवार, सकाळी ८.१५

पेट्रोल कुठलं भरता? साध्यावर सुपरचार्जर म्हणजे उपाशी पैलवान. एक्सपी ९५ (९५ ऑक्टेनचं पेट्रोल) भरून बघा, आणि पाकीट परवानगी देत असेल तर १०० वालं पण पुण्यात मिळतं.

चिखलपाय | रविवार, सकाळी ९.०५

९५च भरतो, वाघोबा.

कलम_बावन्न | रविवार, सकाळी ९.३०

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. ट्रेलरवर नेता हे लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर पुढची शंभर पोस्टं मी एकटा लिहिणार होतो.

निवृत्त_उपकरणवाला | रविवार, सकाळी १०.१०

चिखलपाय, अडतीस वर्षं कारखान्यांत तापमानंच मोजली, त्यामुळे गाडीतलं कळत नसलं तरी एक प्रश्न विचारायचा हक्क आहे असं समजतो. तो ५८ दाखवणारा सेन्सर नेमका कुठे बसवलाय? फोटो टाका. मोजमापात "किती" हा प्रश्न दुसरा, "कुठे" हा पहिला.

चिखलपाय | रविवार, सकाळी ११.२५

काका, फोटो खाली जोडलाय. किट ज्या गॅरेजने बसवलं त्यांनीच सेन्सरही लावला होता. मी आज पहिल्यांदा वायर हाताने माग काढत गेलो. सेन्सर एअर फिल्टरच्या मागच्या रबरी नळीत आहे. म्हणजे ब्लोअरच्या आधी.

खडखडाट | रविवार, सकाळी ११.३१

म्हणजे तुम्ही वर्षभर बॉनेटखालची हवा मोजत बसलात आणि इंटरकूलरचं कौतुक करत बसलात. =))

पाऱ्याची_नळी | रविवार, दुपारी १२.४०

हसू नका हो, घरोघरी मातीच्या चुली. पण ५८ हा आकडा फुकट गेलेला नाही, त्याच्यावरून हिशोब करता येतो. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. मुलं विचारतात, "मॅडम, हे कुठे वापरतात?" हा धागा त्यांना दाखवणार आहे.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर, त्यामुळे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास धरू. ६ पीएसआय म्हणजे ४१. दाबाचं गुणोत्तर (९५ + ४१) ÷ ९५ = १.४३. हवा दाबली की तापणारच. अगदी आदर्श, एक कणही वाया न घालवणारा कॉम्प्रेसर धरला तर निरपेक्ष तापमान १.४३ च्या ०.२८६ व्या घाताने वाढतं, म्हणजे १.१०८ पट. आत ५८ अंश म्हणजे ३३१ केल्विन. त्याचे ०.१०८ पट म्हणजे ३६ अंश. आदर्श ब्लोअरमधूनही हवा ९४ ला बाहेर पडेल.

आणि रूट्स आदर्शापासून लांब असतो. तो आतमध्ये हवा दाबत नाही, फक्त पाकिटं भरून पलीकडे टाकतो, आणि पलीकडची दाबाखालची हवा उलटी घुसते तेव्हा दाबण्याचं काम होतं. या दांडगाईत बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते. कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर ३६ ÷ ०.५५ = ६५. म्हणजे ब्लोअरच्या तोंडाशी १२३ अंश!

चिखलपाय | रविवार, दुपारी १.०२

१२३?? मॅडम, मी घाबरलोय.

तर मग सेन्सर काढून मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर) लावतो आजच. गॅरेजवाल्याने एक पितळी बॉडीचा सेन्सर सुटा दिला होता, तो पडून आहे.

अर्धी_पुली | रविवार, दुपारी १.०९

थांबा!! ईसीयूला जोडू नका!

तुमचा स्पीडुइनो मॅप सेन्सरचा दाब आणि इनटेक तापमान यांवरून हवेचं वस्तुमान काढतो आणि त्यावर पेट्रोल ठरवतो. आजवर त्याला ५८ सांगितलं गेलं, खरी हवा त्याहून गरम, म्हणजे विरळ होती. तो समजायचा हवा जास्त आहे. पण ज्याने ट्यून केलं त्याने मिश्रण ओटू सेन्सरवर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बघून बरोबर केलं असणार, म्हणजे ती चूक व्हीई टेबलच्या (इंजिन किती हवा ओढतं त्याच्या तक्त्याच्या) आकड्यांत आधीच जिरली आहे. आता अचानक खरं तापमान दिलंत तर ईसीयू पेट्रोल आणखी कमी करेल, आणि बूस्टवर मिश्रण लीन होईल, म्हणजे पेट्रोल कमी पडेल. नॉकिंगचा आवाज डब्यातल्या खड्यांवरून पिस्टनच्या तुकड्यांवर जाईल.

नवा सेन्सर आधी नुसता मोजायला लावा, वेगळ्या लॉगरवर. आकडे पटले की मगच ईसीयूला द्या आणि त्याच दिवशी व्हीई टेबल पुन्हा करा.

चिखलपाय | रविवार, दुपारी १.१५

दंडवत. पाना हातात घेतला होता, खाली ठेवला.

वॅगनार_वाली | रविवार, दुपारी ३.२०

अवांतर आहे, माफ करा. आमच्या वॅगनारला पण दुपारी एसी लावला की चढावर दम लागतो, ते याच्यामुळेच का?

अर्धी_पुली | रविवार, दुपारी ३.४५

ताई, थोडंफार. गरम हवा विरळ असते त्यामुळे ताकद कमी, पण एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या मानेवर बसलेला असतो हे मुख्य कारण. तुमच्या गाडीत सेन्सर बरोबर जागीच आहे, काळजी नसावी.

निवृत्त_उपकरणवाला | रविवार, संध्याकाळी ६.३०

सेन्सरबद्दल थोडं सांगतो.

पितळी, बंद तोंडाचा सेन्सर मुळात कूलंटसाठी केलेला असतो. पाण्यात चालतो, कारण पाणी उष्णता भराभर देतं. हवा देत नाही. मग तो बिचारा ज्या धातूत आट्यांनी घट्ट बसवलाय त्या धातूचं तापमान सांगू लागतो. हवेसाठी उघड्या तोंडाचा, पिंजऱ्यातला मणी असलेला सेन्सर हवा. त्याहून चपळ हवं असेल तर बारीक के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक). त्याचा मणी जितका बारीक तितका तो लवकर तापतो-थंडावतो. जाड मण्याला स्थिर व्हायला पंधरा सेकंद लागले तर तेवढ्यात तुमच्या चढाचा शेवटचा टप्पा संपलेला असेल.

मणी नळीच्या भिंतीला चिकटू देऊ नका, व्यासाच्या मध्यापर्यंत आत जाऊ द्या. आणि बसवण्याआधी घरी तपासा : ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात, मग उकळत्या पाण्यात.

चिखलपाय | मंगळवार, रात्री ९.५०

अपडेट. तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं) दुपारी दीडला पोहोचलो, हा माझा पुण्यात जन्मून झालेला गुन्हा. चारनंतर परत गेलो. १.५ मिमीचं के-टाइप थर्मोकपल, ते वाचणारं मॅक्स ६६७५ चं बोर्ड आणि एक पिंजऱ्यातला जीएम पद्धतीचा सेन्सर घेतला.

घरी आईचं दुधाचं पातेलं पळवलं. बर्फात थर्मोकपल ०.५ अंश. छान. उकळत्या पाण्यात मात्र ९८.२५ च्या वर हलत नाही. जीएम सेन्सरचा रोध १९० ओहम, तक्त्याप्रमाणे १०० अंशांना १७७ हवा. दोन्ही खराब निघावेत? परत करायला जाऊ का? तिथे पाटी आहे, "विकलेला माल" वगैरे.

वाकडेवाडीचा_वाघ | मंगळवार, रात्री १०.०१

चायना माल. दुसरं काय.

पाऱ्याची_नळी | मंगळवार, रात्री १०.२०

परत करू नका, माल उत्तम आहे. पुण्यात पाणी १०० ला उकळतच नाही! ५६० मीटरवर दाब कमी, त्यामुळे उत्कलनबिंदू साधारण ९८. महाबळेश्वरला कराल तर ९५-९६ मिळेल. आणि जीएमच्या तक्त्यात ९० ला २४१ आणि १०० ला १७७ ओहम आहेत, मधलं काढलं तर ९८ ला १८८ येतात. तुमचे १९०. दोन वेगळ्या जातीच्या सेन्सरनी एकच साक्ष दिली, आणखी काय हवं?

खडखडाट | मंगळवार, रात्री १०.२४

म्हणजे पुण्यात पाणीसुद्धा दोन अंश आधीच तापतं. माणसांबद्दल ऐकून होतो.

चिखलपाय | रविवार, रात्री ८.४०

मोठं अपडेट, चहा घेऊन बसा.

भोसरीच्या लेथवाल्याकडून ब्लोअरच्या तोंडाच्या ॲल्युमिनियम नळीवर बुश वेल्ड करून घेतला, १/८ इंची आटे पाडले, कॉम्प्रेशन फिटिंगमधून थर्मोकपल आत. इंटरकूलरनंतर मॅनिफोल्डवर एक छिद्र तयारच होतं, तिथे तो पितळी सेन्सर बसवला. (काका, रागावू नका. पिंजऱ्यातल्याचे आटे मोठे आहेत, पुढच्या वेळी.) दोन्ही फक्त लॉगरवर, ईसीयूला हात लावला नाही.

चढ तोच, गिअर दुसरा, बाहेर ३६, तीन फेऱ्या. शेवटच्या टप्प्यातले आकडे :

फिल्टरमागे (जुना सेन्सर) ५८
ब्लोअरच्या तोंडाशी (थर्मोकपल) ८५
इंटरकूलरनंतर (पितळी) ८१

म्हणजे ब्लोअर भीती होती तितका तापवत नाही, आणि इंटरकूलर चार अंशांपुरता आहे. निव्वळ शोभेचा!

वाकडेवाडीचा_वाघ | रविवार, रात्री ८.५५

विकून टाका तो इंटरकूलर. जुन्या बाजारात आला होता, तिथेच परत जाऊ दे.

चाकणी_पिकअप | रविवार, रात्री ९.१०

+१. माझ्या डिझेल पिकअपला इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर आडवा आहे आणि बॉनेटला स्कूप. स्कूपच्या जाळीवर कोणीतरी हौसेने स्टिकर लावला होता, तो काढल्यावर घाटात फरक जाणवला. वारा लागत नसेल तर इंटरकूलर म्हणजे नुसती जाळी.

पाऱ्याची_नळी | रविवार, रात्री ९.३०

घाई नको. ८५ हा आकडा अशक्य आहे.

वरचा हिशोब बघा. ५८ ची हवा १.४३ पट दाबली तर आदर्श यंत्रातूनही ९४ च्या खाली येऊ शकत नाही. तुमचं ८५ खरं मानलं तर ब्लोअरची कार्यक्षमता ३६ ÷ २७, म्हणजे १३३ टक्के झाली. एकतर बूस्ट ६ नाही, नाहीतर नोबेलची तयारी करा, नाहीतर थर्मोकपल खोटं बोलतंय.

चिखलपाय | रविवार, रात्री ९.३८

बूस्ट ६च आहे, वेगळ्या गेजवर पण पाहिला. थर्मोकपल तर पातेल्यात पास झालं होतं ना!

निवृत्त_उपकरणवाला | रविवार, रात्री १०.१५

पातेल्यात सगळेच पास होतात.

थर्मोकपलची वायर किती लांब होती, आणि बोर्ड कुठे ठेवलंत?

चिखलपाय | रविवार, रात्री १०.२२

वायर अर्धा मीटर. बोर्ड डॅशबोर्डखाली, लॅपटॉपशेजारी. मधलं अंतर साध्या तांब्याच्या वायरने वाढवलं. जोड बॅटरीच्या बाजूला, टेप मारून, एकदम पक्का.

निवृत्त_उपकरणवाला | रविवार, रात्री १०.४८

सापडला चोर.

थर्मोकपल तापमान मोजत नाही, दोन टोकांतला फरक मोजतं. एक टोक गरम मणी, दुसरं टोक जिथे ती खास धातूची जोडी संपते ते. बोर्ड स्वतःच्या जागेचं तापमान त्या फरकात मिळवून उत्तर देतं, कारण त्याला वाटतं जोडी त्याच्यापाशीच संपली. तुमची जोडी मात्र बॉनेटखालीच संपली, पुढे दोन्ही तारा तांब्याच्या, आणि तांबं-तांबं काही फरक दाखवत नाही. जोडाजवळ बॉनेटखाली ६५ असेल आणि डॅशबोर्डखाली ३२, तर हे ३३ अंश कुठेच धरले गेले नाहीत. तुमच्या ८५ मध्ये ३३ मिळवा.

घरी ओट्याशेजारी जोड आणि बोर्ड दोन्ही एकाच तापमानाला होते, म्हणून चूक लपली. कारखान्यात हीच चूक मी तरुणपणी केली आहे. भट्टीचं तापमान कमी दिसतं म्हणून आम्ही बर्नर वाढवत राहिलो. पुढचं सांगत नाही.

पाऱ्याची_नळी | रविवार, रात्री १०.५५

११८! हिशोब १२३ सांगत होता, आणि ब्लोअरची बॉडी थोडी उष्णता बाहेर टाकते ती त्यात धरलेली नव्हती. काका, तुम्हाला साष्टांग.

अर्धी_पुली | रविवार, रात्री ११.१०

आणि दुसरा आकडा उलट्या बाजूने खोटा असणार. जिप्सीच्या मॅनिफोल्डमधून कूलंट फिरतं, त्यात पितळी सेन्सर म्हणजे तो अर्धाअधिक कूलंटच मोजतोय. सोपी चाचणी : चढ संपवून इंजिन बंद करा, लॉगर चालू ठेवा. हवा थांबलेली आहे, तरी आकडा चढत गेला तर तो हवेचा नव्हता.

म्हणजे गंमत बघा. एक सेन्सर खाली ओढत होता, दुसरा वर ढकलत होता, आणि मध्ये चिरडला गेला बिचारा इंटरकूलर.

वाकडेवाडीचा_वाघ | रविवार, रात्री ११.१४

मी "विकून टाका" म्हणालो ते गमतीत होतं, याची नोंद घ्यावी.

कलम_बावन्न | सोमवार, सकाळी ७.४०

नोंद घेतली.

चिखलपाय | पुढचा रविवार, रात्री ९.२५

तपकीर गल्लीतून के-टाइपचीच केबल आणली (काका म्हणाले तशी, कॉम्पेन्सेटिंग केबल म्हटलं की दुकानदार लगेच समजला, शिवाय "आधीच न्यायची ना" हेही ऐकवलं). आता जोड थेट बोर्डावर. दुसरं थर्मोकपलही घेतलं आणि इंटरकूलरनंतरच्या रबरी नळीत बसवलं, धातूपासून लांब. तोच चढ, बाहेर पुन्हा ३६ :

फिल्टरमागे ५८
ब्लोअरच्या तोंडाशी ११८
इंटरकूलरनंतर ७४ (पितळी भाऊ इथे अजून ८१ म्हणतोय)

इंजिन बंद केल्यावर पितळी चढत चढत ८८ वर गेला. हवा शून्य. अर्धी_पुली यांना माझ्याकडून मिसळ.

तर इंटरकूलर ११८ ची हवा ७४ ला आणतोय. याला मी शोभेचा म्हणालो होतो! सकाळी त्याच्यावर हात फिरवला. आणि इंजिनाला खरं ७४ मिळत असताना ईसीयूला ५८ सांगितलं जात होतं, त्यामुळे इग्निशन मागे घ्यायला (ठिणगी उशिरा टाकायला) त्याला कारणच मिळत नव्हतं. वाजणारच.

पाऱ्याची_नळी | रविवार, रात्री ९.५०

आता माझ्या डोळ्यांत खुपतोय तो पहिला आकडा. बाहेर ३६ आणि फिल्टरपाशी ५८? २२ अंश तुम्ही ब्लोअरच्याही आधी स्वखुशीने घालताय. शिवाय ब्लोअर निरपेक्ष तापमानाला गुणतो, त्यामुळे आत २२ जास्त म्हणजे बाहेर जवळपास २६ जास्त. सगळे इंटरकूलर मोठा करायच्या मागे लागतात, पण सगळ्यात स्वस्त थंडावा फिल्टरच्या जागेत आहे.

चिखलपाय | रविवार, रात्री १०.०५

फिल्टर शंकूसारखा उघडा आहे, एक्झॉस्टपासून वीतभर. गॅरेजवाला म्हणाला होता, "आवाज भारी येतो". येतो खरा.

खडखडाट | रविवार, रात्री १०.०८

आवाज डाव्या कानाला, नॉकिंग उजव्या कानाला. स्टिरिओ.

अर्धी_पुली | सोमवार, सकाळी १०.३०

पत्र्याची पेटी करून फिल्टर बंद करा, आणि फेंडरमधून किंवा स्नॉर्केलमधून (उंच उभी हवेची नळी) बाहेरची हवा द्या. तुम्ही चिखलवाले, स्नॉर्केल तसाही हवाच. पेटीच्या आणि एक्झॉस्टच्या मध्ये एक आडोशाचा पत्रा. ब्लोअरच्या नळीला ब्रॅकेट जिथे टेकतं तिथे हायलमची शीट कापून घाला, थोडी उष्णता तिथेही अडेल.

आणि कोणी आत पाण्याचा फवारा मारायचा सल्ला देण्याआधीच सांगतो : फवारा काम करतो, पण त्याच्यापुढे लावलेलं थर्मोकपल ओलं होतं आणि ओल्या फडक्याइतकं थंड दाखवतं. ते आकडे बघून खूश होऊ नका.

निवृत्त_उपकरणवाला | सोमवार, दुपारी १२.००

एक सवय लावून घ्या. प्रत्येक लॉगमध्ये बाहेरचं तापमान लिहा, आणि नुसता आकडा नाही तर बाहेरच्यापेक्षा किती वर हे बघा. नाहीतर डिसेंबरात मोजाल आणि पेटीने चमत्कार केला म्हणाल.

चिखलपाय | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.१०

मंडळी, उशीर झाला. पेटी दोनदा करावी लागली, पहिली बॉनेटला टेकत होती. नाना पेठेत लांब रबरी नळी शोधण्यात एक शनिवार गेला.

आज बाहेर नेमके ३६. तोच चढ. कंसात जुने :

फिल्टरमागे ४० (५८)
ब्लोअरच्या तोंडाशी ९८ (११८)
इंटरकूलरनंतर ६४ (७४)

पिंजऱ्यातला सेन्सर आता इंटरकूलरनंतरच्या नळीत, ईसीयूला जोडलेला. अर्धी_पुली स्वतः आले होते, दुपारभर व्हीई टेबल पुन्हा केलं. पहिल्या फेरीत बूस्टवर मिश्रण खरंच लीन व्हायला लागलं, त्यांनी सांगितलं होतं तसंच, आणि आम्ही अर्ध्या थ्रॉटलवरच थांबलो. मग ५० अंशांनंतर दर ५ अंशांना इग्निशन १ अंश मागे, असं टेबल भरलं. चढ पाच वेळा चढवला, नॉकिंग नाही. गाडी फार जोरात पळते असं काही नाही. मॅडमच्या सूत्राने हवा जेमतेम ३ टक्के वाढली. पण शेवटच्या टप्प्यात पाय काढावा लागत नाही, यातच सगळं आलं.

नवीन दुखणं : लो रेंजमध्ये (अगदी संथ, जोरकस गिअर) दगडांतून दहा-बारा मिनिटं रांगत चालवली तर बूस्ट नसतानाही इंटरकूलरनंतर ७१ होतं. वारा नाही, रेडिएटरची उष्णता शेजारी, आणि बायपास (बूस्ट नको असताना उघडणारी वाट) उघडा असला की तीच हवा ब्लोअरमध्ये गोल गोल फिरते. मग अचानक दाबावी लागली तर ७१ पासून सुरुवात.

चाकणी_पिकअप | रविवार, रात्री ८.३०

इंटरकूलरला स्वतःचा पंखा लावा. एखाद्या छोट्या गाडीच्या एसी कंडेन्सरचा चालेल. ६० ला चालू, ५० ला बंद. स्पीडुइनोला आऊटपुट रिकामा असेलच.

चिखलपाय | रविवार, रात्री ८.४२

आहे रिकामा. पुढच्या शनिवारी नाना पेठ, आणि यावेळी एकच्या आत.

पाऱ्याची_नळी | रविवार, रात्री ९.००

वर्गात हा धागा दाखवला. एका मुलाने विचारलं, काकांच्या भट्टीचं पुढे काय झालं?

निवृत्त_उपकरणवाला | रविवार, रात्री ९.२०

आतली वीट वितळली आणि माझी बदली झाली. त्याला सांगा, जोड कुठे आहे ते आधी बघायचं.

खडखडाट | रविवार, रात्री ९.२६

आणि पातेलं?

चिखलपाय | रविवार, रात्री ९.३१

त्यात सेन्सर उकळला हे आईला या धाग्यावरूनच कळलं. मावशीने लिंक पाठवली. पातेलं आता माझं आहे, गॅरेजमध्ये असतं. दुधाचं नवीन आणून दिलं.